जपानी गेममध्ये जिथे पाणी तिथे गळ का?

प्रश्न असा आला होता: "मी आणि माझा मित्र कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावावर छोटा गेम बनवतोय. मित्र म्हणतो, मासे पकडायची सोय हवीच, सगळ्या चांगल्या जपानी गेममध्ये ती असते. मला तो वेळकाढूपणा वाटतो. जपान्यांना गळ टाकायचं एवढं वेड का? गेम झाले, मांगा (जपानी चित्रकथा) झाले, लोककथा काढल्या तरी तेच. आम्ही सुरमई, पापलेट, बांगडा अशी तीस माशांची यादी करून ठेवली आहे. पुढे जावं का?"

मी गेम बनवत नाही. गेली सोळा वर्षं जपानी गेममधला मजकूर इंग्रजीत आणि अधूनमधून मराठीत आणायचं काम करते. राहते पुण्यात, पण लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी देवगड तालुक्यात आजोळी, खाडीच्या धक्क्यावर गरी टाकून बसण्यात गेली. म्हणजे या विषयात माझे दोन्ही पाय पाण्यात आहेत.

"जपानी गेममध्ये असतं" हे कारण आधी बाजूला ठेवा, त्यावर कोणताच निर्णय उभा राहत नाही. आणि हवं की नको हा तुमचा खरा प्रश्नही नाही. खरा प्रश्न असा की तुमच्या गेममधल्या पाण्याखाली काय आहे? तीस माशांची यादी एवढंच त्याचं उत्तर असेल, तर तुम्ही म्हणता तेच खरं, तो वेळकाढूपणाच आहे.

परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, तेही सांगून टाकते. गेम दोन तासांत संपणारा असेल आणि खेळणारा कुणाच्या तरी मागे धावत असेल, तर त्याला काठावर बसवू नका. १९९८ च्या 'सोनिक अ‍ॅडव्हेंचर'मध्ये हे घडलं आहे. सगळा गेम वाऱ्यासारखा पळण्याचा, आणि मध्येच बिग नावाचा जाडा मांजर आणून त्याच्याकरवी गळाने बेडूक पकडायला लावलंय. वैताग आला नाही असा खेळाडू मला अजून भेटायचा आहे. तीच गोष्ट, ज्या गेममध्ये दिवस उगवतो-मावळतो, पाऊस पडतो, खेळणाऱ्याला कुठेही जायची घाई नसते, तिथे जिवाला बरी वाटते. तुमचं गाव या दुसऱ्या जातीचं दिसतंय.

आता "वेड का" याकडे. साधी कारणं आधी, कारण लोककथा सांगायला लागलं की माणसं लगेच गूढ होतात. एक तर हे स्वस्तात होतं. एक बटण, पाण्यावर एक सावली, एक आवाज. बनवणाऱ्याला नवी लढाई रचावी लागत नाही. दुसरं, पिढी. यागुची ताकाओ हे अकितातल्या बँकेतली नोकरी सोडून मांगाकार झाले आणि त्यांची 'त्सुरीकिची सानपेई' ही मालिका १९७३ ते १९८३ अशी दहा वर्षं मुलांच्या साप्ताहिकात चालली. गवती टोपीतला, मासेमारीने झपाटलेला खेड्यातला पोरगा, त्याचे बांबूच्या काठ्या घडवणारे आजोबा, आणि प्रत्येक माशाची वेगळी युक्ती. हे वाचत वाढलेली मुलं पुढे गेम बनवण्याच्या वयात आली. पोकेमॉनचे जनक ताजिरी सातोशी १९६५ चे, म्हणजे सानपेई सुरू झाला तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांना कुणी पकडून हे विचारलंय असं माझं म्हणणं नाही. वयाचा हिशोब जुळतो एवढंच.

तिसरं कारण हातातलं आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जपानी गरवणाऱ्यांकडे दोन शब्द आहेत. मासा आमिषाला तोंड लावतो, ती दोरीतून हाताला कळणारी खूण म्हणजे आतारी. सोडतीत नंबर लागला तरी हाच शब्द. (अमेरिकेतल्या त्या जुन्या गेम कंपनीचं नाव याच शब्दावरून आलंय, पण गो या पटावरच्या खेळातल्या अर्थाने.) आणि आतारी कळल्यावर नेमक्या क्षणी काठीला झटका द्यायचा, ते आवासे, म्हणजे शब्दशः 'जुळवणं'. माशाची वेळ आणि तुमची वेळ जुळवायची.

आजोबांकडे काठी नव्हती. तंगूस (बारीक दोरी), त्याला शिसं, खाली गरी, गरीला सुंगटं (कोळंबी). तंगूस तर्जनीवरून सोडलेला असायचा आणि सगळं लक्ष त्या एका बोटात. शेंगटी आली की बारीक, चिडखोर टोचण्या यायच्या, टिक टिक टिक. तांबोशी आधी एकदाच हळू ओढून बघायची, मग काहीच नाही, आणि आपण श्वास सोडला की एकदम बोट कापेल अशी खेच. मी पहिल्या टिकेलाच हात वर करायचे. वर यायची ती रिकामी गरी, सुंगटं साफ. आजोबा म्हणायचे, "घाई करू नको गो. मासो आदी चाखता, मगे खाता."

बरीच वर्षं उलटल्यावर 'दोउबुत्सु नो मोरी' या निन्टेन्डोच्या २००१ च्या गेममध्ये (पुढे जगभर तो 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' म्हणून गेला) पहिल्यांदा गळ टाकला, तेव्हा हसूच आलं. पाण्यात नुसती काळी सावली. लहान की मोठी एवढंच कळतं, कोणता मासा ते नाही. ती जवळ येते, फुगा जरासा हलतो, परत हलतो, आणि मग 'डुबुक'. आधीच्या हलण्याला बटण दाबलंत तर मासा पसार. म्हणजे कुणीतरी क्योतोत बसून आजोबांचं वाक्य एका बटणात बसवलं होतं. १९९८ च्या झेल्डात, 'ओकारिना ऑफ टाइम'च्या तळ्यावर, मासा लागला की हातातला कंट्रोलर थरथरायचा, तेही तेच. तेव्हा तुमच्या गेममध्ये पडद्यावर सरकणारी हिरवी पट्टी ठेवणार असाल तर एवढं बघा, की ती चाखणं आणि खाणं यातला फरक दाखवते का. नसेल दाखवत तर ती पट्टी कारखान्यातलं मशीन चालवायलाही चालेल.

आता लोककथा. इथे मी माझ्याच एका फजितीवरून सुरुवात करते, कारण तिच्यामुळेच मी या कथांकडे वळले.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गेमचा मजकूर आला होता. आमच्याकडे मजकूर तक्त्यातून येतो, एका ओळीत एक वाक्य, कोण बोलतंय ते कधी असतं, कधी नसतं. एका ओळीत होतं, "आजही बोझुच." बोझु म्हणजे बौद्ध भिक्षू, मुंडण केलेला. मी बिनधास्त लिहिलं की आज पुन्हा भिक्षू आले. गेम तपासणाऱ्या मुलीने निरोप पाठवला: ताई, इथे तर एक कोळी रिकामी टोपली घेऊन उभा आहे, भिक्षू कुठाय? गरवणाऱ्यांच्या बोलीत बोझु म्हणजे दिवसभर बसून एकही मासा न मिळणं. आमच्या मालवणीत म्हणतात, "आज काय गावूक नाय." बस, तेवढंच म्हणायचं होतं त्या बिचाऱ्याला.

ती चूक दुरुस्त करताना 'इवाना-बोझु'ची कथा हाती लागली. इवाना हा डोंगरी ओढ्यातला थंड पाण्याचा मासा. काही गावकरी ओढ्यात झाडाची साल कुटून विष कालवायला निघतात. आपल्याकडे गेळफळ कुटून टाकतात ना, तसं. जेवायला बसलेले असताना एक भिक्षू येतो आणि म्हणतो, गळाने पकडा, पण विष नका घालू, लहान पिल्लंही मरतात. ते मान डोलावतात, त्याला आपल्यातलं जेवण देतात. तो जेवून निघून जातो. मग ते विष घालतातच. मासे उलटे होऊन वर येतात, त्यात एक माणसाएवढा इवाना. त्याचं पोट फाडतात, तर आत मघाशी भिक्षूला वाढलेलं तेच जेवण. ही कथा जपानच्या मध्य आणि ईशान्य भागांत ठिकठिकाणी सांगतात, कुठे इवानाऐवजी ईल असतो, जेवणही बदलतं. पोटातलं ते अन्न मात्र कुठेही बदलत नाही.

या एका कथेने मला जपानी मासेमारीच्या कथांची किल्ली दिली. पाण्याखाली जे आहे ते कुणाचं तरी आहे. तुम्ही गळ टाकता म्हणजे त्या कुणाच्या तरी दाराची कडी वाजवता.

सर्वांत जुनी कथा घ्या, ७१२ सालच्या 'कोजिकी'तली. थोरला भाऊ उमिसाची समुद्रात मासे धरतो, धाकटा यामासाची डोंगरात शिकार करतो. एक दिवस हौस म्हणून हत्यारं बदलतात आणि धाकटा थोरल्याचा गळ समुद्रात घालवून बसतो. भरपाई म्हणून तलवार मोडून ५०० गळ करतो, मग १,०००. थोरला म्हणतो, मला माझाच हवा. तो शोधत धाकटा समुद्रदेवाच्या महालात पोहोचतो, तिथल्या राजकन्येशी लग्न करतो, तीन वर्षं राहतो, आणि अखेर गळ सापडतो तो ताई माशाच्या घशात रुतलेला. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटातून निघाली होती, तशातलीच गत. फरक असा की इथे हरवलेली वस्तू हीच जायची वाट आहे. गळ हरवला नसता तर महाल दिसलाच नसता. आणि हा धाकटा कोण, तर पहिला सम्राट जिम्मूचा आजोबा. एका राजघराण्याची वंशावळ हरवलेल्या गळावरून जाते, यापुढे आपण वेळकाढूपणा म्हणायचं धाडस जरा जपून करू.

उराशिमा तारोही तसाच. आज मुलांना सांगतात ती कथा कासवाला पोरांच्या तावडीतून सोडवण्याची आहे. जुन्या रूपात मात्र तो तीन दिवस तीन रात्री होडीत बसून असतो, एक मासा लागत नाही, म्हणजे चक्क बोझु, आणि मग गळाला पंचरंगी कासव लागतं. त्याचीच पुढे स्त्री होते आणि त्याला पलीकडे घेऊन जाते. परत येतो तोवर गावात शतकं उलटलेली. न मिळण्याचे ते तीन दिवस कथेत आहेत म्हणून कासवाला वजन आहे. गेममध्ये अर्ध्या मिनिटाला एक मासा देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझी सर्वांत आवडती मात्र शहरी आहे. एदो शहरात, म्हणजे जुन्या तोक्योत, होन्जो भागाच्या सात नवलांपैकी एक: ओइतेकेबोरी. संध्याकाळी चरावर मासे खूप लागतात, माणूस खुशीत टोपली उचलून निघतो आणि पाण्यातून आवाज येतो, "ठेवून जा." तो पळत घरी येतो, टोपली उघडतो, रिकामी. आवाज कुणाचा, यावर एकमत नाही. कुणी म्हणतं कप्पा, म्हणजे पाण्यातलं एक भूत, कुणी म्हणतं तानुकी, म्हणजे कुत्र्याच्या जातीचा एक खोडकर प्राणी. जपानीत आजही सगळे पुढे गेले आणि आपल्याला मागे टाकलं की म्हणतात, ओइतेकेबोरी खाल्ली. हा चर आजच्या किन्शिचो परिसरात होता असं सांगतात. आणि गंमत बघा, जपानमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्योताकू, म्हणजे माशाला शाई लावून कागदावर उमटवलेला ठसा, १८३९ चा आहे आणि तो किन्शिबोरी नावाच्या तिथल्याच चरात पकडलेल्या फुना या कार्पच्या जातीतल्या साध्या माशाचा. पकडणारे शोनाई संस्थानचे, जिथे सामुराईंना व्यायाम म्हणून समुद्रकाठी मासेमारीला पाठवत. आवाजाने टोपली रिकामी केली तरी कागदावरचा मासा कोण नेणार!

ग्योताकूचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. पकडलेल्याची नोंद ठेवणं हा जपानी गेममधल्या मासेमारीचा निम्मा आनंद असतो. कोश भरणं, संग्रहालयात देणं, "आजवरचा सर्वांत मोठा" असं लिहून येणं. याची टोकाची गंमत २००२ च्या 'फायनल फँटसी ११'मध्ये होती: एक खास काठी हवी असेल तर खंदकातले फुना पकडून द्यायचे, मोजून १०,०००. काठीचं जपानी नाव ताइकोबोची काठी. ताइकोबो हा चिनी कथेतला म्हातारा, सरळ गळ टाकून बसायचा कारण त्याला मासा नव्हे, राजा यायला हवा होता. जपानीत नादी गरवणाऱ्यालाच ताइकोबो म्हणतात. आणि फुनाच का? कारण म्हण आहे, मासेमारी फुनापासून सुरू होते आणि फुनापाशीच संपते. हे भाषांतरात सगळं वाहून जातं, मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मग नुशी. नुशी म्हणजे धनी, एखाद्या डोहाचा म्हातारा, अवाढव्य मासा, ज्याच्या परवानगीने तिथलं सगळं चालतं. १९९० साली फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती गेमयंत्रावर 'कावा नो नुशी त्सुरी' आला, नदीच्या नुशीला पकडण्याचा गेम. काढला पॅक-इन-व्हिडिओने, ज्यांनी पुढे १९९६ साली 'बोकुजो मोनोगातारी' हा शेतीचा गेम आणला; आजचे बरेचसे शेतीचे गेम त्याच घराण्यातले. नुशीला मराठीत काय म्हणायचं यावर मी एकदा दोन दिवस घालवले. 'मत्स्यराज' म्हटलं की पौराणिक नाटक सुरू होतं. शेवटी 'राखणदार' लिहिलं. आपला राखणदार मासा नसतो आणि त्याला नारळ-रोट लागतो, तेव्हा शंभर टक्के बसत नाही. पण कोकणातल्या माणसाला तो शब्द वाचून जे वाटतं तेच तिथे वाटायला हवं होतं.

मांगाकडे परत थोडंसं. सानपेईत पाणी हा नायक आहे. १९७९ पासूनच्या 'त्सुरीबाका निश्शी'त पाणी निमित्त आहे. बांधकाम कंपनीतला कामचुकार हामा-चान एका एकाकी म्हाताऱ्याला गळ टाकायला शिकवतो आणि तो निघतो कंपनीचा मालक. ऑफिसात मालक वर, होडीत गडी गुरू. यावर १९८८ ते २००९ सिनेमे निघत राहिले. २०१७ पासूनच्या 'होउकागो तेइबोउ निश्शी'त कुमामोतोतल्या आशिकितावर बेतलेल्या गावाच्या धक्क्यावर शाळकरी मुली पकडलेलं साफ करून शिजवून खातात. तुमच्या गावाला यातली ही तिसरी वाट जवळची वाटते. मासा पकडून फक्त विकणार असाल तर कोकणाशी दगाबाजी आहे. कालवण झालंच पाहिजे.

थोडक्यात एकदा गोळा करते, कारण मी भरकटले. बटण असं करा की चाखणं आणि खाणं वेगळं कळेल. रिकाम्या हाताने परतणं ठेवा आणि त्याला गावातलं कुणीतरी काही बोलू दे. पोकेमॉनमध्ये सुरुवातीच्या जुन्या गळाला फक्त कोईकिंग लागतो, पाण्याबाहेर तडफडण्यापलीकडे काही न येणारा, आणि तोच विसाव्या पातळीला ग्याराडोस नावाचा अजस्र, ताकदवान प्राणी होतो. धबधबा चढून ड्रॅगन होणाऱ्या कार्प माशाची चिनी आख्यायिका आहे ती. तेव्हा एक तरी फालतू मासा असा ठेवा की ज्याच्याबद्दल खेळणारा चुकलेला असेल. आणि पाण्याखाली कुणीतरी असू द्या.

हे शेवटचं जपानकडून उचलायची गरज नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीचा डोह, त्यात महसीर मासे, लोक त्यांना खाऊ घालतात आणि कुणीही पकडत नाही. तुमच्या गेममध्ये नदीच्या वरच्या अंगाला असा एक डोह ठेवा. खेळणाऱ्याच्या हातात काठी आहे, पाण्यात दिसतायत त्यापेक्षा मोठे मासे गेममध्ये कुठेही नाहीत, आणि बटण चालू आहे. अडवू नका. टाकला गळ तर काय होईल ते तुम्ही ठरवा, पण पडद्यावर धोक्याची सूचना वगैरे लावू नका. गावातल्या एखाद्या म्हातारीने दुसऱ्या दिवशी मासे विकत घ्यायला नकार दिला तरी पुरे.

आणि ती यादी. नावं जपानी किंवा इंग्रजी गेमवरून ओढून आणू नका. सुझुकी या जपानी माशाचं इंग्रजीत 'सी बास' होतं आणि तिथून मराठीत जिताडा करायचा मोह होतो. मी केलेला आहे. जिताड्याचा खरा जपानी चुलतभाऊ आकामे, तो कोचीतल्या शिमांतो नदीच्या मुखाशी सापडतो. शिवाय तुमच्या यादीतली सुरमई काढा, धक्क्यावर बसून कुणाच्या गरीला सुरमई लागत नाही. पापलेट जाळ्यातलं, तेही काढा. त्या जागी गोबरा घाला, तांबोशी घाला, आणि शेंगटी विसरू नका. ती गरीवरून सोडवताना काटा हाताला लागतो आणि रात्रभर ठणकतो. तेही गेममध्ये येऊ द्या.